एकशे पंधराचा खटका

सौंसरच्या तहसील कचेरीच्या आवारात, मुद्रांक विकणाऱ्याच्या शेजारी, टिनाच्या छपराखाली माझे टेबल आहे. त्या टेबलावर बसून मी लोकांची गाऱ्हाणी हिंदीत लिहितो, कारण आमच्या भागातील कचेऱ्यांना हिंदीच कळते. मात्र स्वतःचे काही आठवायचे झाले की ते मराठीतच आठवते. दहावीच्या परीक्षेने मला दोनदा परत पाठवले, ही गोष्ट मी लपवीत नाही. परंतु ज्यांचे शिक्षण रीतसर पूर्ण झाले असे कित्येक मास्तर आणि दोन-चार वकीलसुद्धा आपला मजकूर माझ्याकडून तपासून नेतात, हेही लपविण्याचे मला कारण दिसत नाही. आवारात नव्याने बसू लागलेले तरुण अधूनमधून विचारतात, "काका, तुमचा पहिला अर्ज कशाचा होता? फेरफाराचा का वारसाचा?" मी सांगतो, कम्प्युटरच्या पॉवर सप्लायचा. ते हसतात. त्यांना हसू द्यावे. आमच्या घरातील मुलांना मात्र खरी हकीकत माहीत असावी, म्हणून ती येथे क्रमाने नमूद करीत आहे.

त्या वेळी आम्ही पांढुर्ण्यात राहत होतो. वडील तेथील तहसिलीत अर्ज लिहीत आणि आमचे बिऱ्हाड घाटोडे सरांच्या टायपिंग क्लासच्या मागील दोन खोल्यांत होते. क्लास आणि आमचे स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही एका विटेची. पहाटे कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा झाला की माय चूल पेटवी आणि सातच्या बॅचला पलीकडे दहा टाइपरायटर एकदम सुरू होत. भाकर थापण्याचा आवाज आणि टाइपरायटरचा आवाज एकमेकांत असे मिसळत की, सुटीच्या दिवशी मायच्या भाकरी जाड होतात, अशी आमच्या घरात थट्टा होती. माझी थोरली बहीण कुसुमताई त्या क्लासात शिकली आणि पुढे तेथेच शिकवू लागली. तिची बोटे मायला भिंतीआडून ओळखू येत. अंबाडीची भाजी घोटता घोटता ती थांबे आणि म्हणे, "हे पाह्य, ही कुसुम. दुसऱ्या कोणाची लाइन इतकी सरळ नाही जात." अशा वेळी तिचा चेहरा गाणे ऐकणाऱ्या माणसासारखा होई.

एके वर्षी घाटोडे सरांनी नागपुरातून एक वापरलेला कम्प्युटर विकत आणला. पांढुर्ण्यात तशी वस्तू त्याआधी कोणी पाहिली नव्हती. कुसुमताईला त्यांनी तीन आठवडे नागपूरला आमच्या मामाकडे ठेवून शिकवून आणले आणि क्लासच्या कोपऱ्यात लाकडी फळ्यांची एक खोली करून तेथे तिला बसवले. बाहेर चपला काढून लोक ते यंत्र पाहायला येत. आज माझा नातू तसली दहा यंत्रे एका खिशात घेऊन फिरतो आणि चप्पल घालून पलंगावर चढतो, असो. संत्रा बागायतदारांच्या एका सोसायटीने आपल्या सभासदांची यादी छापून देण्याचे काम सरांना दिले होते आणि ते सर्वस्वी ताईच्या हाती होते. मायला मात्र नवीच काळजी लागली. कम्प्युटरच्या बटनांचा आवाज भिंतीतून येईना. ती मला दिवसातून दोनदा पाठवी, "जाय ना दामू, पाहून ये. पोरगी काम करून राहिली का नुसती बसून राहिली?"

अडचण विजेची होती. संत्र्याच्या बागांना पाणी देण्याचे दिवस होते. गावाच्या चहूबाजूंचे पंप सुरू झाले की आमच्या घरातील दिव्याची तार नुसती लाल दिसे. क्लासच्या भिंतीवर काट्याचे व्होल्टमीटर होते. त्याचा काटा दीडशेवर येऊन पडे आणि कम्प्युटर आपोआप बंद होई. ताईने तासभर भरलेली नावे पुसली जात. अशा वेळी वापरण्यासाठी सरांनी स्टॅबिलायझर घेतलेला होता, पण तो सरांच्या घरी टीव्हीला लावलेला होता आणि सरांच्या मंडळींपुढे त्याबद्दल बोलण्याची सरांची छाती नव्हती.

एके दिवशी ताई जेवायला घरी आली असता मी त्या खोलीत राखणीला बसलो होतो. यंत्राच्या मागील बाजूस, पंख्याच्या जाळीजवळ, खोलगट जागेत एक लहानसा लाल खटका मला दिसला. त्यावर दोन आकडे होते. दोनशे तीस दिसत होता आणि दुसऱ्या बाजूला एकशे पंधरा दडलेला होता. मी भिंतीवरील काट्याकडे पाहिले. काटा दीडशेवर होता. माझा विचार असा झाला की, आपल्याकडे दोनशे तीस येतच नाही. आपली वीज एकशे पंधराच्या अधिक जवळची आहे. तेव्हा यंत्राला तसे कळविले पाहिजे. मी खिशातील पेनाचे टोक घातले आणि खटका सरकवला. कम्प्युटर सुरू केला. तो चालला. दोन दिवस काटा दीडशेवर असतानाही तो एकदासुद्धा बंद पडला नाही. ताई हरखून गेली. मी कोणाला काही बोललो नाही; योग्य प्रसंगी, चार लोकांसमक्ष, सरांना हा शोध सांगावा असे मी मनात ठरवले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी पंपांची पाळी संपली. पंप बंद झाले आणि साहजिकच काटा सरसर वर चढला. माय भाकर तव्यावर टाकीत होती. भिंतीपलीकडे एकच धडाका झाला आणि पाठोपाठ जळक्या वार्निशाचा वास आमच्या स्वयंपाकघरात आला. मी धावलो. ताई भिंतीला टेकून उभी होती. यंत्राच्या मागून धूर निघत होता.

"मी काही नाही केलं, सर," ती म्हणत होती. "मी फक्त नावं टाकून राहिली होती."

"मंग मशीन काय स्वतःच्या मनानं मेली?" घाटोडे सर माणूस वाईट नव्हते, पण ती वस्तू त्यांनी बायकोचा विरोध पत्करून आणली होती. "लोकं म्हणेच मले, बाईमाणसाच्या हातात देऊन राहिले सर, पाहून घ्या. घ्या आता! पुढच्या सोमवारी सोसायटीवाले यादी न्याले येते. काय देऊ त्याहिले, राख? तू आता येऊ नको, कुसुम. मी नागपूरचा पोरगा बोलावतो."

"टायपिंगच्या बॅचले तरी येऊ का, सर?"

"कशालेच नको."

ती घरी आली आणि पाटावर बसून राहिली. मायने ताट वाढले. ताईने ते माझ्याकडे सरकवले. दुसऱ्या दिवशी नळावर बायका बोलू लागल्या की, घाटोडे सरांची विलायती मशीन त्या अर्जनवीसाच्या पोरीने जाळली. पलीकडे सातची बॅच सुरू झाली तेव्हा मायचा हात परातीत थांबला. दहांपैकी एकही आवाज तिच्या ओळखीचा नव्हता.

ज्यांनी यंत्र विकले होते त्यांनी, आमचा माणूस पंधरा दिवसांनी येईल, असे कळवले. ताईला नागपुरात शिकविणाऱ्या मास्तरांनी मात्र तिला एवढे सांगून ठेवले होते की, असा धडाका झाला तर बहुधा आतील पॉवर सप्लायचा डबाच जातो, आणि तो तेवढा बदलता येतो. मी सरांकडे गेलो.

"सर, नवा डबा मी आणतो नागपूरहून."

"तू? दहावी नापास?"

"नापास झालो, पण लिहिलेलं वाचता येते सर."

हे उत्तर मला तेव्हा सुचले याचा मला आजही आनंद वाटतो. सरांनी जळलेला डबा काढण्याची परवानगी आणि नव्याचे पैसे दिले.

येथे माझ्या वडिलांच्या शिकवणीविषयी सांगणे आवश्यक आहे. जमिनीच्या अर्जासोबत ते हाताने एक नजरी नकाशा काढून जोडीत. पूर्वेस कोणाचे शेत, पश्चिमेस नाला, उत्तरेस गाडरस्ता, अशी चतुःसीमा त्यात लिहिलेली असे. ते म्हणत, "अर्जदार सांगते ते सारं आयकाचं. पण लिहाचं तेच, जे डोळ्यांनं दिसते." मी वर्तमानपत्राचा कागद डब्यावर ठेवून कडा पेन्सिलीने उमटवून घेतल्या, चारही स्क्रूंची भोके टोचून घेतली आणि त्या कागदावर चतुःसीमा लिहिली: पूर्वेस पंखा, पश्चिमेस लाल मोठे बटन, दक्षिणेस तारांचे तोंड. डब्यावरील पट्टी अक्षरशः उतरवून घेतली. दीडशे वॅट. मुख्य पाटीला जाणारे लांब प्लग दोन, डिस्क आणि फ्लॉपी यांना जाणारे लहान प्लग तीन. शेवटी लहान खटका. मी वाकून पाहिले तर त्यावर दोनशे तीस दिसत होता. मला आश्चर्य वाटले. परंतु डबा काढताना सरकला असेल, असे मी स्वतःला सांगितले आणि जे डोळ्यांना दिसले ते लिहिले: खटका दोनशे तीसवर.

सकाळच्या पॅसेंजरने, जळलेला डबा मायच्या जुन्या लुगड्यात बांधून, मी नागपूरला गेलो. बर्डीच्या बाजारातील गल्ल्यांत असल्या सामानाची तीन-चार दुकाने होती. पहिल्या दुकानातील सेठने माझे बोचके पाहिले आणि एक चकचकीत डबा पुढे केला.

"दोन सौ वॅट का है. तुम्हारे से बडा. ले जाओ, आंख मूंद के."

मी डोळे मिटण्यासाठी आलो नव्हतो. मी नजरी नकाशा काउंटरवर पसरला आणि त्यावर तो डबा ठेवला. चारांपैकी दोन भोके जुळत नव्हती आणि लाल बटन पूर्वेस होते. आमच्या पेटीला त्यासाठीचा काप पश्चिमेस होता. आकडा मोठा असल्याने वस्तू आपल्या घरात बसतेच असे नाही, हे मी त्या दिवशी शिकलो आणि पुढे मुलींची स्थळे पाहतानाही विसरलो नाही. दुसऱ्या दुकानात अगदी हलका डबा मिळाला. त्याला लहान प्लग दोनच होते. दुकानदार म्हणाला, एक फ्लॉपी काढून टाका. मी त्यास म्हणालो, "भाऊ, टोपी लहान निघाली तं डोस्कं कापाचं का?" तिसऱ्या दुकानात मात्र हुबेहूब तसाच डबा होता. भोके जुळली, बटन जुळले, प्लग जुळले, दीडशे वॅट जुळले. तोच लाल खटकासुद्धा होता. मी दुकानदाराला तो बाजूला ठेवायला सांगितले आणि खात्री करून घेण्यासाठी वासनिककाकांकडे गेलो.

वासनिककाका रेडिओ दुरुस्त करीत. त्यांच्या घरवाटणीचा अर्ज पूर्वी वडिलांनी लिहिला होता, तेव्हापासून ओळख होती. जिन्याखालच्या लहानशा जागेत ते बसत आणि चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला असे. त्यांनी आधी मला चहा पाजला, मग माझा नकाशा बराच वेळ पाहिला.

"हे कोणं काढलं रे?"

"म्या, काका."

"बापाचा हात उतरला तुह्यात." असे म्हणून त्यांनी जळलेल्या डब्याचे झाकण काढले. आत अंगठ्याएवढी दोन नळकांडी फुटून त्यातील कागदाचे भेंडोळे बाहेर आले होते. काकांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्या नकाशाकडे पाहिले. "खटका दोनशे तीसवर होता म्हणते तू?"

"हो. दिसला तसा लिहिला."

"मंग हे फुटले नसते बाप्पा. खटका एकशे पंधरावर करून दोनशे तीसची लाइन दिली, तं हे असे फुटते. कमी व्होल्टेजवर दोन-चार दिवस चालते बी. मंग एका दिवशी लाइन पुरी आली, का धडाम." त्यांनी खटका बोटाने हलवून पाहिला, तो हलला नाही. "हा आपोआप नाही सरकत. पेनच घालाव लागते. कोणंतरी इकडे केला होता, अन् मंग धडाका झाल्यावर कोणंतरी परत तिकडे केला."

माझ्या खिशात ते पेन होते. मी वासनिककाकांना सर्व सांगितले.

"तुह्या सरांले माहीत आहे?"

"कोणालेच नाही."

"मंग कायले सांगतं? खटका दोनशे तीसवर आहे. पुरावा काही नाही. मशीन चालू झाली का लोकं विसरते."

मशीन विसरली जाईल, पण ताईचे नाव तसेच राहील, हे मला त्यांच्या जिन्याखाली बसल्या बसल्याच कळले. नवा डबा बसेल आणि त्यासमोर नागपूरचा पोरगा बसेल. मी म्हणालो, "ते मी पाहतो, काका. आधी डबा कोणता घेऊ ते सांगा."

काकांनी मला मागील गल्लीत नेले. तेथे एक इसम नागपुरातच असे डबे तयार करीत असे. वस्तू ओबडधोबड होती. राखाडी रंग हाताने मारलेला, वजन दुप्पट, चारांपैकी एक भोक सुतभर सरकलेले. पण तिच्या पट्टीवर लिहिलेले होते की एकशे साठपासून दोनशे साठपर्यंत वीज चालेल. आणि तिला लहान खटका नव्हताच. हुबेहूब जुळणारा, चकचकीत, परदेशी डबा तिकडे बाजूला ठेवलेला होता आणि हा येथे माझ्या हातात होता. मी पुष्कळ विचार केला, आणि तो विचार आजही मला बिनचूक वाटतो. आमच्या गावाच्या विजेला आमच्या गावाचा भाव ठाऊक असलेला डबा हवा. आणि जो खटका मुळात नाही, तो माझ्यासारख्या हुशार माणसाला फिरवता येत नाही. मी देशी डबा घेतला. काकांनी सरकलेल्या भोकाजवळ नवे भोक पाडून दिले आणि निघताना बजावले, "दोन लांब प्लग लावशील तवा काळ्या तारा काळ्याच्या शेजारी आल्या पाह्यजे. उलटं झालं तं सारी मशीन जाते." हे मी नकाशाच्या पाठीवर लिहून घेतले.

त्याच संध्याकाळी घरी पोहोचल्यावर मी वडिलांच्या पेटीतील कोरा कागद घेतला आणि घाटोडे सरांच्या नावे निवेदन लिहिले. वडिलांच्या अर्जांत वापरला जाणारा एक शब्द माझ्या तोंडात बसलेला होता, तो मी वापरला: "भूलवश". भूलवश माझ्या हातून खटका सरकला. कागद वडिलांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. ते रागावतील म्हणून मी दाराजवळ उभा होतो.

"तुह्या हातून सरकला, का तूनं सरकवला?"

"म्या सरकवला, बाबा."

"विचार करून?"

"हो. विचार करून."

"मंग भूल कोठी झाली?" त्यांनी आपल्या पेनाने तो शब्द खोडला. "लोकांसाठी मी हा शब्द लिहितो, कारण त्याहिले साहेबाच्या दयेची गरज असते. तुले दया पाह्यजे का बहिणीची नोकरी?"

मी नव्याने लिहिले: खटका मी स्वतः, पूर्ण विचार करून, पेनाच्या टोकाने सरकवला. माझा विचार चुकीचा होता. माझ्या बहिणीस याची काहीही माहिती नव्हती. पुढे प्रार्थना म्हणून दोन कलमे घातली. एक, माझ्या बहिणीस तिच्या जागी पूर्ववत बसवावे. दोन, टीव्हीचा स्टॅबिलायझर क्लासमध्ये आणण्यात यावा, कारण वीज दीडशेवर उतरली तर नवा डबाही थकेल. वडील दुसऱ्या कलमावर हसले. त्या तीन दिवसांत आमच्या घरात कोणी हसलेले मला आठवत नाही. मग त्यांनी पेटीतून आपला अर्जनवीसाचा शिक्का काढला आणि कागदाच्या खाली उमटवला. माझ्या लिखाणावर पडलेला तो पहिला शिक्का.

सकाळी मी डबा बसवला, काळ्या तारा काळ्यांशेजारी आणल्या, आणि बटन दाबण्याच्या आधी तो कागद सरांच्या हाती दिला. यंत्र चालल्यावर दिला असता तर ती कबुली स्वस्तात पडली असती. सर वाचत असताना त्यांचे ओठ हलत होते.

"मंग मी त्या पोरीले इतकं बोललो ते?"

मी पहिल्या कलमावर बोट ठेवले. प्रार्थनेत सर्व आलेले होते.

"जाय, बोलाव तिले," सर म्हणाले. "अन् स्टॅबिलायझरचं कलम आमच्या घरी तूच वाचून दाखवजो. मले नाही जमत."

ताई आली. सरांनी तिला खुर्ची दिली आणि मला तिच्याकडून ऐकून घ्यावे लागले, "दामू, तू दाराजवळ उभा राह्य. हात खिशात." तिने बटन दाबले. पंखा फिरला, पडद्यावर हिरवी अक्षरे आली. सर कागदाची घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवू लागले तेव्हा ताईने हात पुढे केला. "सर, तो कागद मले द्या." त्यांनी दिला. सोमवारी सोसायटीचे लोक आले तेव्हा यादीचा शेवटचा ताव छापून होत होता. नव्या डब्याचा पंखा चांगलाच घुरघुरत असे. तो आवाज एका विटेच्या भिंतीतून आमच्या स्वयंपाकघरात येई. मायने पुन्हा कधी मला पाहायला पाठवले नाही.

ताईने पुढे त्याच क्लासात पांढुर्ण्यातील कितीतरी मुलींना कम्प्युटर शिकवला. आता ती थकली आहे, मुलाकडे राहते. गेल्या दिवाळीत मी गेलो असता तिला म्हणालो की, ताई, माझा पहिला अर्ज तुझ्याजवळ आहे. तो मला हवा, टेबलावर काचेखाली ठेवीन. तिने लोखंडी पेटीतून बिस्किटांचा डबा काढला आणि त्यातून तो कागद. सरांनी घातलेली घडी जशीच्या तशी होती. कागद घडीवर पिवळा पडला होता, पण ती घडी कधी उलगडल्याची खूण नव्हती.

"तूनं वाचला नाही?"

"कायले वाचू? त्यात काय आहे ते मले धडाका झाला तवाच माहीत होतं. तू धावत येईस्तोर मी मांगं वाकून पाह्यलं. खटका एकशे पंधरावर. त्या खोलीत तुह्याशिवाय कोण बसे रे?"

"मंग दोनशे तीसवर..."

"म्याच केला. केसातल्या पिनीनं."

ती हे भाजीचा भाव सांगावा तसे सांगत होती. तीन दिवस ती उपाशी पाटावर बसली होती, नळावर बोलणी खात होती, आणि तिच्या ओठांवर माझे नाव आले नव्हते.

"मंग कागद कायले मागून घेतला सराजवळून?"

"तुह्या नावाचा गुन्हा दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये कायले राहू देऊ?" ती म्हणाली, आणि तो कागद माझ्या हातातून परत घेऊन, घडी न उलगडता, तिने बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिला.